ब्रिटनमधील कडाक्याची थंडी आणि ‘कोल्ड वेदर पेमेंट’: मदत मिळण्यासाठी काय करावे

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तुमच्या भागातील सलग सात दिवसांचे सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली गेले, किंवा तसे जाईल असा अंदाज वर्तवला गेला, तर पात्र कुटुंबाला त्या प्रत्येक सात दिवसांमागे २५ पौंड मिळतात. २००८ च्या हिवाळ्यात ही रक्कम साडेआठ पौंडांवरून २५ वर नेण्यात आली आणि नंतर गॅस-विजेचे दर कितीही चढले तरी ती तेथेच राहिली आहे. त्यामुळे हिवाळ्याचे बिल या पैशांतून भागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

या मदतीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळत असेल तर बहुधा आणखी काही सिद्ध करावे लागत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कामाच्या वयातील कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारा सरकारी भत्ता) घेणाऱ्यांना मात्र अटी आहेत. साधारणपणे तुम्ही आणि तुमचा जोडीदार नोकरी-व्यवसायात नसावे आणि शिवाय आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित असल्याचे मान्य झालेले असावे किंवा घरात पाच वर्षांखालील मूल असावे. अपंग मुलासाठीची वाढीव रक्कम मिळत असल्यास नोकरी असली तरी चालते. घरात बाळ जन्मले असेल, तर ही माहिती आपल्या युनिव्हर्सल क्रेडिट खात्यात लगेच नोंदवावी, कारण पैसे आपोआप येतात ते नोंदीत जे आहे त्यावरूनच.

तापमान मोजले जाते ते तुमच्या अंगणात नव्हे, तर तुमच्या पोस्टकोडला जोडलेल्या हवामान केंद्रावर. शिवाय हिशेब सरासरीचा असल्याने रात्री उणे पाच आणि दुपारी अधिक सात असा आठवडा गेला तर घर तापवणारा बॉयलर अहोरात्र चालूनही काही मिळत नाही. आपल्या भागात रक्कम लागू झाली आहे का, हे थंडीच्या दिवसांत सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पाहता येते. लागू झाल्यापासून कामकाजाच्या १४ दिवसांत ती नेहमीच्या बँक खात्यात जमा होते. तशी ती झाली नाही, तर पेन्शन क्रेडिटवाल्यांनी पेन्शन कार्यालयाला आणि युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांनी आपल्या युनिव्हर्सल क्रेडिट खात्यात नोंद करून कळवावे. या रकमेमुळे इतर भत्ते कमी होत नाहीत.

ही मदत या भत्त्यांच्या नोंदीवरूनच मिळत असल्याने खरे काम थंडीपूर्वीचे आहे. सरकारी निवृत्तिवेतनाचे वय गाठलेल्या आणि तुटपुंज्या उत्पन्नावर राहणाऱ्या आईवडिलांनी पेन्शन क्रेडिट मागितले आहे का, हे मुलांनी एकदा बसून तपासावे. इंग्रजीत बोलणे जड जात असल्यास फोनवर दुभाषा मागता येतो, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पात्रता आधीपासून असेल तर पेन्शन क्रेडिटची तीन महिन्यांपर्यंतची मागील रक्कमही मागता येते.

मराठी कुटुंबांना दोन गोष्टी विशेष सांगायला हव्यात. पहिली व्हिसाची. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई आहे, त्यांनी पेन्शन क्रेडिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट स्वतःसाठी मागू नये, कारण त्याचा परिणाम पुढील व्हिसा-अर्जावर होऊ शकतो. शंका असल्यास आधी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारावे. दुसरी गोष्ट भारतवारीची. अनेक ज्येष्ठ नेमक्या हिवाळ्यातच पुण्या-नाशकाकडे येतात. चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहण्याचा बेत असेल, तर सामान्यतः पेन्शन क्रेडिट थांबते आणि त्याबरोबर थंडीची मदतही. प्रवासाची तारीख आधी कळवली नाही, तर जास्तीचे गेलेले पैसे परत मागितले जातात.

स्कॉटलंडमध्ये ही योजना नाही. तेथे ‘विंटर हीटिंग पेमेंट’ आहे. ते तापमान न पाहता पात्र व्यक्तींना हिवाळ्यातून एकदाच दिले जाते.

‘थंडीच्या मदतीसाठी येथे अर्ज करा’ असा लिंकसह संदेश मोबाइलवर आला, तर तो पुसून टाकावा आणि त्यात बँकेचा तपशील भरू नये.