तात्त्विक लेखांचं पुस्तक करताना

दिवाळी अंकांत दोन-चार वैचारिक लेख छापून आले की कुणी ना कुणी म्हणतंच, "आता पुस्तक काढून टाका." सल्ला प्रेमाचा असतो. पण लेख तयारच आहेत, फक्त एकत्र बांधायचे राहिलेत, असं त्यात धरून चाललेलं असतं. तत्त्वज्ञानावर लिहिणाऱ्याचं सहसा असं नसतं. तिशीच्या आत लिहिलेला लेख पन्नाशीत हातात घेतला की हा कोण बुवा, असं वाटतं. मी नोकरी बँकेत केली, तत्त्वज्ञानात एम. ए. बाहेरून केलं आणि लिहिलं ते रात्री जेवणं उरकल्यावर. नव्याने लिहू लागलेल्यांना उपयोग होईल, असं त्यातलं काही इथे सांगतो.

जुन्या लेखांचं करायचं काय, याबाबत मी गुरू मानतो तो सोळाव्या शतकातल्या फ्रेंच निबंधकार मिशेल द मोंतेनला. 1571 साली बोर्दोच्या न्यायालयातलं पद सोडून हा गृहस्थ आपल्या गढीच्या बुरुजातल्या ग्रंथालयात येऊन बसला. छताच्या तुळयांवर त्याने ग्रीक-लॅटिन वचनं रंगवून घेतली होती. 1580 साली निबंधांचे दोन खंड निघाले. 1588 च्या आवृत्तीत तिसरा खंड आला आणि आधीच्या निबंधांतही जागोजागी भर पडली. पुढे त्याच आवृत्तीच्या एका प्रतीच्या समासांत तो लिहीत राहिला, 1592 साली मरेपर्यंत. ती प्रत आजही बोर्दोत जपलेली आहे. अभ्यासकांच्या आवृत्त्यांत हे तीन थर खुणा घालून वेगळे दाखवतात. मी भर घालतो, दुरुस्ती करत नाही, असं तो म्हणतो. (शब्द त्यानेही बदललेच. लेखकांच्या अशा दाव्यांवर फार विसंबू नये.) पण मत बदललं म्हणून जुनं खोडायचं नाही, दोन्ही शेजारी ठेवायची, ही त्याची रीत मला पटली.

माझंच उदाहरण देतो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द बांधून ठेवतो का, यावर माझा एक लेख आहे. प्रश्न घरचाच. गावची जमीन विकणार नाही, असा शब्द वडिलांना दिलेला आणि जमीन वर्षानुवर्षं पडीक. पहिला खर्डा तिशीच्या आतला, उपयुक्ततावादाचा, म्हणजे कृतीचं बरं-वाईट परिणामांवर ठरवणाऱ्या मताचा, जोर असलेला. शब्द मोडल्याने ज्याचं वाईट व्हायचं तो माणूसच उरला नाही, तेव्हा जिवंतांचं हित पाहा, असा एकूण सूर. त्या मताचा पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल, त्याची अवतरणं इतकी, की त्यांत माझं वाक्य शोधावं लागतं. पुढे नीतितत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस वाचला. शब्द पाळणं हे स्वतंत्र कर्तव्य आहे, परिणामांच्या हिशेबातून ते निघत नाही, मात्र त्याहून वजनदार कर्तव्य समोर आलं तर ते मागे सरू शकतं, ही मांडणी त्याने 1930 साली केली. लेखात दुसरा भाग आला तो त्यातून. तिसरा आणखी उशिरा. पुतण्या एकदा म्हणाला, "काका, आजोबांना शब्द तुम्ही दिलात. मी नाही दिला. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून मी पण बांधला गेलो का?" याचं तयार उत्तर मला मिलमध्येही सापडलं नाही आणि रॉसमध्येही. लेख तिथून पुढे लांबला, त्याचं नावही बदललं. पुस्तकात तिन्ही भाग वर्षं घालून ठेवले आहेत. नव्या मताला शोभेल असा पहिला भाग घासूनपुसून घेतला असता, तर पुतण्याचा प्रश्न नेमका कुठे टोचतो ते वाचकाला कळलं नसतं.

तेव्हा पहिली सवय लावून घ्या ती खर्ड्यावर तारीख घालण्याची. आणि तारखेखाली एक ओळ, हा प्रश्न आत्ताच का पडला याची. लेख छापून येतो तेव्हा निमित्त सगळ्यांना ठाऊक असतं. पुस्तकात येईपर्यंत ते विरून जातं. आगरकरांचे 1888 नंतरचे 'सुधारक'मधले लेख आज वाचताना तळटीप लागते ती बहुधा विचारासाठी नव्हे, निमित्तासाठी.

'काळ', 'स्वातंत्र्य', 'सत्य' असे भारदस्त विषय घेऊन बसू नका. लेखाची कोशातली नोंद होते.

पाठवायचं कुठे, हे पुष्कळजण विचारतात. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत', पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाशी जोडलेलं 'परामर्श', दि. य. देशपांडे यांनी 1990 साली नागपुरात सुरू केलेला 'आजचा सुधारक' यांचे जुने अंक आधी चाळा. मराठीत वाद कसा घालायचा, प्रतिपक्षाची बाजू त्याला मान्य होईल अशी कशी मांडायची, हे मी तिथे शिकलो. दिवाळी अंकाचा वाचक वेगळा. तो फराळ करता करता वाचतो, त्याला कांटची संज्ञा उलगडून द्यावीच लागते.

लेख एकत्र ठेवले की पुनरुक्ती उघडी पडते. माझ्याकडे रज्जुसर्पाचा, म्हणजे अंधारात दोरीला साप समजण्याचा, दृष्टांत जिकडेतिकडे निघाला. वर्षं मध्ये असताना तो कुणाला खुपत नाही, पण एका पुस्तकात दर वीस पानांनी तीच दोरी आणि तोच साप! एका लेखात राहू द्या, बाकीच्यांतून काढा. एक सूत्र हवं म्हणून प्रकाशक मागे लागतील, मलपृष्ठासाठी त्यांना ते लागतंच. त्यासाठी लेख पिळू नका. विट्गेनस्टाइनसारख्या तत्त्वज्ञाने 1945 साली 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'च्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की आपले विचार एकसंध ग्रंथात बसवण्याचे प्रयत्न फसले, हा एक अल्बम आहे. आपण कुठे लागून गेलो!

आता कारकुनी भाग. जुन्या फायली श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या टंकांत, असतील तर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार बिघडू शकतात. मूळ छापील अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासा, शक्यतो दुसऱ्याकडून वाचून घेत. आपलं लिखाण आपल्याला पाठ असतं, चूक दिसतच नाही.

पुस्तकाचा हिशेब सोळा पानांच्या फॉर्मात चालतो. नऊ फॉर्म भरून वर चार पानं निघाली की फोन येतो: "चार पानं कमी करा, नाहीतर बारा वाढवा." वाढवण्याच्या मोहात पडू नका, बारा पानांचा लेख आठवड्यात उभा राहत नाही. मी एक आख्खा लेख काढला आणि उरलेल्या जागेत सूची घातली.

सूचीचा आग्रह धराच. प्रकाशक टाळाटाळ करतात, पण असं पुस्तक एका दमात कुणी वाचत नाही. 'हेतू' किंवा 'कर्तव्य' कुठे आलंय ते शोधत वाचक मागे-पुढे जातो. आपली आपणच करता येते, एखादा रविवार जातो. फक्त शेवटची प्रुफं हातावेगळी होऊन पानं पक्की झाल्यावरच बसा. एक परिच्छेद सरकला तरी पुढचे सगळे आकडे चुकतात.