पाचच्या सरावाआधी चारचं खाणं

शाळेतला डबा साडेबाराला संपतो, कबड्डीचा सराव पाचला सुरू होतो. मधे पोटात काही गेलं नाही की शेवटच्या अर्ध्या तासात पाय जड होतात आणि दोष मात्र ‘स्टॅमिना’ला दिला जातो. चारच्या सुमारास दोन केळी द्या, नाहीतर गूळ लावून गुंडाळलेली एक पोळी, तूप नावापुरतंच. वडापाव नको. तळलेलं पोटात रेंगाळतं आणि ऐन चढाईत मळमळतं.

सराव तासाहून लांबणार असेल तर बाटलीत एक लिटर पाणी, ५०-६० ग्रॅम साखर, चहाचा पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. साखर दुप्पट केली की पोट गुडगुडतं. दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट पुरेत.

कधीतरी सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करून बघा. अर्धा किलो घटलं असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत साधारण पाऊण लिटर प्यायला हवं, पण थोडंथोडं.

घरी आल्यावर तासाभरात जेवण: भात-आमटी, दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ, दही. एवढं नीट होत असेल तर प्रोटीन पावडरच्या डब्यावर पैसे कशाला घालवायचे? जेवणाला लागून चहा मात्र देऊ नका, उसळीतलं लोह नीट अंगी लागत नाही.