मोसंबीची रोपं घेताना मुळांच्या या चुका टाळा

मृग लागला की जामनेर-पाचोऱ्याकडे रोपांनी भरलेले छोटा हत्ती धावायला लागतात. घेणारा आधी पाहतो ती उंची, मग पान. पानाचा काय भरवसा? थोडा युरिया मारला की कोणतंही रोप काळंभोर दिसतं. मुळं पाहायला पिशवी फाडावी लागते, नर्सरीवाला तोंड वाकडं करतो. करू द्या. मी लॉटमधलं एखादं रोप पैसे मोजून घेतो, तिथंच पिशवी चिरतो आणि मातीचा गोळा बादलीत धुतो. तंतुमुळांची टोकं पांढरट हवीत. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढा. साल सुटून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला, तर ती फायटोप्थोरा बुरशीची मूळकूज. तो लॉटच नको. ‘आळवणी करून घेऊ’, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतू, म्हणणारे विसरतात की ही बुरशी रोपाबरोबर वावरात उतरते, आणि पाणी धरणाऱ्या काळ्या जमिनीत तिचं चांगलंच फावतं.

दुसरी चूक वेटोळ्या मुळांची. आमच्या शिवारातल्या तात्यांनी पिशवीत जुनी झालेली रोपं स्वस्तात उचलली. मोठी आहेत, फळ लवकर धरतील, हा हिशोब. तळ दाबून पाहा म्हटलं, तर म्हणे, “पान पाह्य ना भो!” ठिबक, शेणखत, सगळं वेळेवर. तरी झाडं खुरटली आणि एका वळवाच्या वादळात बरीचशी आडवी झाली. उपटून पाहिली तर मुळं अजून पिशवीच्याच आकारात, एकमेकांना आवळून बसलेली. बाहेरच्या मातीत बोटभरही गेली नव्हती.

तळाशी बारीक मुळांचा एखादा वेढा असेल तर मी तेवढा तळ धारदार विळ्याने छाटतो, बाजूंना उभ्या चिरा देतो. सोटमूळच गळासारखं वळलं असेल तर रोप परत.

मोसंबीचा डोळा, म्हणजे कलमाची कळी, खुंटावर (खालच्या लिंबूवर्गीय रोपावर) वीतभर उंच भरलेला हवा. लावताना तो मातीत गाडू नका. खुंट रंगपूर लाइमचा की जंबेरीचा, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून रोप घेऊ नका. पिशवीसकट लावणारेही आहेत, ‘कुजते आपोआप’ म्हणे! प्लास्टिक आहे ते, गोणपाट नव्हे.

गाडी आल्यावर रोपं चार दिवस सावलीत ठेवा. मजूर आजच सापडले म्हणून भर दुपारी लावायची घाई नको. पुण्याहून सुटीला आलेल्या पोरांना हे काही केल्या पटत नाही.