जबड्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा स्कूबा: या चुका टाळा

ऑपरेशनला सात महिने झाले होते. वरचा जबडा थोडा पुढे आणला होता, खालचा मागे नेला होता आणि दोन्हीकडे टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू होते. एक्स-रे पाहून सर्जन म्हणाले, हाड छान जुळलंय. मी विचारलं, "आता पोहायला हरकत नाही ना?" ते म्हणाले, "खुशाल पोहा." एवढ्या भांडवलावर मी स्कूबा डायव्हिंगला तारकर्लीला गेले. जेमतेम तीन मीटरवर उजव्या गालात सुई खुपसल्यासारखी कळ आली. तिथूनच वर फिरले. मास्क काढला तर आत रक्ताचे थेंब.

मी पोहण्याचं विचारलं होतं, त्यांनी पोहण्याचंच उत्तर दिलं होतं. डायव्हिंगचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. म्हणून पहिली चूक तीच सांगते.

"हाड जुळलं" हे ऐकून निघणं

वरच्या जबड्याच्या ऑपरेशनला ल फोर्ट-१ म्हणतात. फ्रेंच सर्जन रेने ल फोर्ट यांनी 1901 मध्ये चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर मोडतात ते नोंदवलं, त्यावरून हे नाव आलं. यात वरच्या दातांच्या मुळांच्या वरून हाड आडवं कापतात. ही रेष गालामागच्या दोन्ही सायनसच्या, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळ्यांच्या, भिंतींमधून जाते. म्हणजे जबड्याबरोबर सायनसचंही ऑपरेशन झालेलं असतं, आणि हे आपल्या डोक्यात येत नाही. आतलं अस्तर सुजतं, रक्त साकळतं, सायनसमधून नाकात उघडणारं बारीक तोंड काही काळ अरुंद राहू शकतं. जमिनीवर याने काही अडत नाही. पाण्यात तीन मीटरवर मात्र सायनसमधली हवा पाऊणपट होऊ पाहते. बाहेरून हवा आत येऊ शकली नाही, तर अस्तर ओढलं जाऊन त्यातून रक्त येतं. माझ्या मास्कमधलं रक्त तेच होतं.

फक्त खालचा जबडा कापला असेल तर सायनसला हात लागलेला नसतो. तिथे अडचणी वेगळ्या, त्या पुढे येतील.

डायव्हिंग सेंटरवर भरून घेतात त्या वैद्यकीय फॉर्ममध्ये गेल्या 12 महिन्यांत ऑपरेशन झालंय का, असा सरळ प्रश्न असतो. कान-नाक-सायनसबद्दल वेगळा प्रश्न असतो, आणि तिथे "हो" म्हटलं की सायनसचं ऑपरेशन गेल्या सहा महिन्यांतलं आहे का तेही विचारतात. बोटीवर चढायच्या घाईत सगळीकडे "नाही"वर खूण करू नका. "हो" लिहिलं की डॉक्टरांची सही लागते, आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. सर्जनना असं विचारा: माझा सायनस कापला गेला होता का, त्यात आता सूज किंवा पाणी आहे का, आणि दाब दुप्पट झाला तर चालेल का? त्यांना डायव्हिंगची माहिती नसेल, तर त्यांचं उत्तर घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. शक्य असेल तर डायव्हर तपासणाऱ्या डॉक्टरांनाही भेटा. दोघांची मतं जुळेपर्यंत थांबा.

टायटॅनियमची मात्र काळजी करू नका. पट्ट्या आणि स्क्रू भरीव असतात, त्यांच्यात दाबली जाईल अशी हवा नसते. त्या दाबाने वाकतात ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, तिला आधार नाही.

उथळ आहे म्हणून सोपं समजणं

मालवणच्या बाजूला पर्यटकांना बहुधा थोड्याच मीटरवर नेतात, म्हणून "तेवढं तर जमेल" असं वाटतं. पण पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, आणि तिथून 20 मीटरपर्यंत फक्त दीडपट. कान आणि सायनसची खरी परीक्षा पहिल्या काही मीटरांतच होते.

त्यात पर्यटकांच्या छोट्या डायव्हमध्ये इन्स्ट्रक्टर टाकीला धरून आपल्याला खाली नेतो. खोली आपल्या हातात नसते. ऑपरेशननंतरची पहिली डायव्ह अशी मुळीच नको. आधी पोहण्याचा तलाव, मग समुद्रात दोरी धरून, पाय खाली ठेवून, दर अर्ध्या मीटरला थांबत उतरा. कळ आली की एक मीटर वर या. गेली नाही तर त्या दिवसापुरतं पुरे.

नाक दाबून जोरात फुंकणं

ऑपरेशननंतर काही आठवडे नाक शिंकरू नका असं सांगतात, कारण कापलेल्या भागातून हवा गालाच्या मांसात शिरू शकते. तिथे दाबलं तर कुरकुर आवाज येतो. पाण्यात उतरताना कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवायला, म्हणजे कान मोकळे करायला, नाक दाबून फुंकणं म्हणजे तोच जोर.

त्याऐवजी नाक चिमटीत धरून आवंढा गिळा. कानाची नळी उघडणारे स्नायू टाळूतून जातात, आणि वरचा जबडा हलला की टाळूही हलते. सूज ओसरेपर्यंत ते स्नायू नीट काम करत नाहीत. घरी रोज हे करून बघा. दोन्ही कानांत हलकासा "टक्" आवाज आला पाहिजे. एका कानात येतो आणि दुसऱ्यात नाही, अशी स्थिती असेल तर अजून थांबा.

नाक मोकळं करणारी गोळी किंवा स्प्रे घेऊन उतरू नका. तळाशी असताना असर उतरला, तर वर येताना फुगणारी हवा अडकते.

जुनाच माउथपीस चावणं

माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर, आणि त्याचा दातांत धरायचा रबरी भाग म्हणजे माउथपीस. तो चावताना आपण नकळत खालचा जबडा पुढे काढतो आणि दाढांनी रबराच्या पट्ट्या घट्ट धरतो. ऑपरेशनने दातांची जुळणीच बदललेली असते. गरम पाण्यात मऊ करून दातांच्या मापाचा केलेला जुना माउथपीस आता परक्याच्या चपलेसारखा वाटतो. सगळा भार एका बाजूच्या सांध्यावर येतो, कानापुढे दुखायला लागतं, आणि मन म्हणतं कानाचा त्रास आहे. वर आल्यावर जबडा उघडताना दुखलं तर बहुधा सांधा, आणि जबडा स्थिर असतानाही कानाला दडा बसलेलाच राहिला तर कान, एवढी ढोबळ ओळख मला उपयोगी पडली.

तारा अजून दातांवर असतील तर नवा माउथपीस करायची घाई नको, दात हलतच असतात. तारा निघाल्या की करून घ्या. तोवर मऊ, लांब पट्ट्यांचा साधा वापरा. आरशासमोर बसून अर्धा तास रेग्युलेटर तोंडात ठेवून बघा. दातांनी नुसता आधार द्यायचा, धरायचं ओठांनी. रेग्युलेटरची नळी (होज) मान वळवताना ओढत असेल तर फिरणारा जोड लावून घ्या, तो भारही जबड्यावरच येतो.

तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावत नसतील, किंवा वरखालच्या दातांना रबर लावलेले असतील, तर पाण्यात उतरूच नका. बडीचा, म्हणजे जोडीदार डायव्हरचा, रेग्युलेटर एका क्षणात तोंडात घेता यायला हवा. बोटीवर उलटी झाली तर तोंड उघडता यायला हवं.

बधिरपणा कुणाला न सांगणं

खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. खालच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर तिथे बधिरपणा राहतो, काहींना कायमचा. मला डाव्या कोपऱ्यात अजून आहे. ओठाचं सील सुटून पाणी आत आलं तरी कळत नाही, तिथे ओठ चावला गेला तरी कळत नाही. तलावात बडीला फक्त तुमच्या ओठांकडे बघायला सांगा.

याहून मोठी गोष्ट अशी की मुंग्या आणि बधिरपणा हे डीकम्प्रेशनच्या आजाराचंही (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाचंही) लक्षण असतं. सायनसला दाबाची इजा झाली तर गालही बधिर होऊ शकतो. बोटीवर तुम्ही "ओठ बधिर आहे" म्हणालात, तर तो कालचा की आत्ताचा, हे कुणाला कळणार? म्हणून डायव्हच्या आधी चेहऱ्यावर कापूस फिरवून बधिर भाग कुठून कुठपर्यंत आहे ते बघा, साध्या चित्रात रंगवा, तारीख घाला आणि फोनमध्ये ठेवा. बडीला दाखवा, इन्स्ट्रक्टरला दाखवा. त्या रेषेबाहेर काही नवीन जाणवलं तर लगेच सांगा आणि ऑक्सिजन मागा.

मास्कचं थोडक्यात: नाकाचा पाया आणि वरचा ओठ बदललेला असतो, जुना मास्क नाकाखालून गळू शकतो. पट्टा आणखी आवळू नका, दुसरा मास्क लावून बघा.

मी पुन्हा उतरले ते ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी, पावसाळा सरून बोटी सुरू झाल्यावर. चार मीटरवर दोरीला धरून दहा मिनिटं नुसती थांबले. आवंढा गिळला, दोन्ही कानांत टक् झालं, मास्क कोरडा होता. त्या दिवशी त्याहून खाली गेले नाही.