वाळवंटातली सायकल शर्यत: चूक पहिल्या दिवशी, वसुली चौथ्या दिवशी

चौथ्या दिवशी पाण्याच्या थांब्यावर एका मुलाने माझ्या हातात केळं दिलं आणि ते कुठून सोलायचं हेच मला सुचेना. दोन-तीन मिनिटं मी त्या केळ्याकडे बघत उभा होतो. ऊन आदल्या दिवसापेक्षा कमी होतं आणि टप्पाही सोपा होता. त्या दिवशी माझ्याकडून चूक अशी एकही झाली नव्हती. ती पहिल्या दिवशीच होऊन गेली होती, कळली चौथ्या दिवशी.

एका दिवसाच्या शर्यतीत चुकलात तर संध्याकाळी घरी जाऊन झोपता. टायटन डेझर्टसारख्या शर्यतीत तसं नाही. मोरोक्कोच्या आग्नेय भागात, अॅटलास पर्वताच्या पलीकडे २००६ पासून ही माउंटन बाइकची शर्यत भरते. हंगाम एप्रिल संपता-संपता किंवा मे सुरू होताना. सहा टप्पे, सगळे मिळून सुमारे ६०० किलोमीटर, आणि मुक्काम तंबूत. टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकलेला मिगेल इंदुराइनही निवृत्तीनंतर इथे सायकल चालवून गेला आहे, म्हणजे रस्त्यावरच्या शर्यतवाल्यांनाही या वाळवंटाची ओढ आहे. पुण्या-मुंबईतून अशा शर्यतींची चौकशी करणारे आता बरेच भेटतात. त्यांना मी नेहमी एकच सांगतो: बिघाड दिसेल त्या दिवशी त्याचं कारण शोधू नका, दोन दिवस मागे जा.

वाळवंट म्हणजे वाळू, हा समज

सहारात वाळूचा भाग साधारण पाव. बाकी खडक, गोटे, मुरूम आणि कोरड्या नद्यांची पात्रं. शर्यतीतलंही बरंचसं अंतर दगडी पठारांवरून जातं, ज्यांना तिकडे हमादा म्हणतात, आणि जीपगाड्यांनी पाडलेल्या कच्च्या वाटांवरून. या वाटांवर गाड्यांमुळे पन्हळी पत्र्यासारखे आडवे चर पडतात. मधून गेलात तर दिवसअखेर मनगटं आणि मान बोलायला लागतात. वाटेच्या अगदी कडेने जा, तिथे पन्हळी कमी असते.

आपली माणसं मात्र वाळूच्या तयारीने जातात. महिनाभर अलिबाग नाहीतर मुरूडच्या किनाऱ्यावर सराव, तोही ओल्या वाळूवर, जिथे घोडागाडी धावते. ती वाळू म्हणजे डांबरी रस्ताच. सराव करायचाच तर भरतीच्या रेषेवरच्या, तळपाय भाजणाऱ्या भुसभुशीत वाळूत करा, आणि घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा. पण खरा सराव आहे तो बोपदेव घाटापलीकडच्या मुरमाच्या वाटांवर, मार्च-एप्रिलच्या उन्हात. शर्यतीचा हंगाम या बाबतीत आपल्या बाजूने आहे. युरोपातले स्पर्धक हिवाळ्यातून उठून येतात. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि आपल्याला ती विदर्भ-मराठवाड्यात फुकट मिळते. एसी खोलीत ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच अडकवलेल्या सायकलवर, पॅडल मारून ती घालवू नका.

टायरचं गणित याच समजापायी चुकतं. वजन वाचवायला पातळ कडांचा शर्यतीचा टायर लावला, की हमादातला एखादा धारदार दगड त्याची बाजूची भिंत चिरतो. ट्यूबलेसमधलं, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमधलं, सीलंट नावाचं पातळ द्रव काट्याचं भोक बुजवतं, चीर बुजवत नाही. अशा वेळी एनर्जी जेलचं रिकामं पाकीट पुसून आतून चिरेवर लावायचं आणि ट्यूब घालायची. मुक्कामापर्यंत पोचता येतं.

सीलंटवरून आठवलं. पुण्यात फेब्रुवारीत भरलेलं सीलंट एप्रिलअखेर द्रव राहिलं असेल असं धरून चालू नका. एरवी ते दोन-तीन महिने टिकतं, उष्ण कोरड्या हवेत तेवढंही नाही. चाक काढून कानाजवळ हलवा. डुचमळल्याचा आवाज आला तर ठीक, नाहीतर आत रबराची वाळकी सालं राहिली आहेत असं समजा. निघण्याआधी नवं भराच, आणि मुक्कामासाठी एक छोटी बाटली सामानात टाका.

हवेचा दाब हा तर वादाचाच विषय. आपल्याकडे क्लबात तीस-पस्तीस पीएसआय भरून ‘टाइट आहे ना’ म्हणत टायर दाबून बघायची खोड आहे. साधारण सत्तर किलोचा माणूस आणि २.३ इंची ट्यूबलेस असेल तर दगडांच्या दिवशी वीस-बावीस पुरे, मागे किंचित जास्त. वाळूच्या दिवशी सोळा-अठरापर्यंत उतरा. त्याहून खाली गेलात तर वाळू संपल्यावर पहिल्याच दगडाला रिम आपटेल.

मेरझुगा गावाजवळ एर्ग शेब्बी या वाळूच्या पट्ट्यातल्या टेकड्या लागतात, काही जवळपास १५० मीटर उंच. तिथे ताकद कामाला येत नाही, नजर येते. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू हलक्या चढाची आणि घट्ट असते, पलीकडची उतरती बाजू खचणारी. सकाळी वाळू थोडी दबलेली असते, दुपारी पिठासारखी. वजन मागे, हँडल सैल, पॅडल एकाच लयीत, ब्रेक नाही. आणि रुतणार हे दिसलं की पडण्याआधीच उतरून चालू लागा. माझ्या पुढचा एक जण दर वीस मीटरला चढत होता आणि पडत होता. मी सायकल ढकलत त्याच्या पुढे निघून गेलो. बुटात मात्र वाळू जाते, आणि भिजलेल्या मोज्यात ती पॉलिशपेपरचं काम करते. घोट्याला बसणारी कापडी पट्टी घ्या, दोनशे ग्रॅम वजनही नसतं.

पहिल्या दिवसाची मर्दुमकी

माझं केळं इथूनच सुरू झालं. पहिल्या दिवशी पाय ताजे, गर्दी, हेलिकॉप्टर. ओळखीतला एक जण पुढे गेला म्हणून मी त्याच्या मागे. घड्याळ हृदयाचे ठोके १६५ दाखवत होतं आणि मी त्यावर बोट ठेवून स्क्रीन बदलली. खरंच बदलली. त्या दिवशी मी दोन तास लवकर पोचलो, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात वाचली होती अकरा मिनिटं.

पहिले दोन दिवस शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने चालवा. सपाटीवर मात्र घोळक्यात राहा. पूर्वेकडून येणारं कोरडं, तापलेलं शर्गी वारं एकट्याने अंगावर घेणं म्हणजे दुप्पट कष्ट. घोळका सुटतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या थांब्यावर. बाटल्यांची झाकणं थांबा यायच्या आधीच उघडून ठेवा. वीस सेकंदांसाठी पुढचे तीस किलोमीटर एकट्याने खेचलेले लोक मी पाहिलेत.

घाम दिसत नाही

मुंबईत किंवा कोकणात घाम ठिबकतो, त्यामुळे पाणी जातंय हे कळतं. सहारात तो सुटता-सुटताच उडतो. जर्सी कोरडी, कपाळ कोरडं, आणि तुम्ही तासाला लिटरभर पाणी गमावत असता. संध्याकाळी जर्सीवर पांढरी वर्तुळं दिसतात, तो हिशोबाचा कागद. घरच्या घरी मोजता येतं: सरावाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा.

आता उलटी चूक, आणि ही जास्त धोक्याची. ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला ऐकून नुसतं साधं पाणी ढोसणारे. घामाच्या दर लिटरमागे साधारण ४०० ते १२०० मिलिग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक वेगळं. ते न भरता पाणीच ओतलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. गंमत अशी की पाणी कमी पडल्याची आणि पाणी जास्त झाल्याची सुरुवातीची लक्षणं सारखीच असतात: डोकेदुखी, मळमळ, गुंगी. फरक ओळखायला घड्याळाचा पट्टा बघा. पट्टा घट्ट झालाय, बोटं सुजलीत, लघवी पाण्यासारखी आणि वारंवार होतेय, तर पाणी जास्त झालंय. लघवी गडद आणि कमी, तोंड कोरडं, तर पाणी कमी पडलंय. सुज असेल तर आणखी साधं पाणी पाजू नका, सरळ वैद्यकीय तंबू गाठा. बोलण्यात गोंधळ, चाल झोकांडी झाली तर स्वतः निदान करत बसू नका. तुम्ही बाळगलेल्या जागा कळवणाऱ्या यंत्राचं मदतीचं बटण त्यासाठीच दिलेलं असतं.

आपल्याकडचं ओआरएस इथे फार उपयोगी. पाकिटावरच्या प्रमाणात, म्हणजे मोठं पाकीट एक लिटरला, त्यात सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम येतं. बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकपेक्षा हे कितीतरी जास्त. पण त्यात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. म्हणजे ओआरएस मीठ देतं, जेवण देत नाही. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं वेगळी लागतात. मी पहिल्या दिवशी नेमका इथेच फसलो. दोन्ही बाटल्यांत ओआरएस होतं म्हणून खाणं पुढे ढकललं. राजगिऱ्याचे लाडू होते, पण कोरड्या तोंडात लाडवाचा भुगा होतो आणि तो गिळता येत नाही. चॉकलेटच्या वड्या पाकिटातच पातळ होतात. खजूर, केळं, उकडलेला मीठ लावलेला बटाटा, हे उतरतं. तिसऱ्या दिवसापासून गोड नकोसं होतं, तेव्हा खारे शेंगदाणे आणि आंबट काहीतरी जवळ हवं. पूर्ण शाकाहारी असाल तर आणखी एक: हरीरा नावाचं डाळ-टोमॅटोचं सूप दिसायला आपल्या आमटीसारखं, पण त्यात अनेकदा मटण असतं. विचारून घ्या.

टप्पा संपल्यावर आधी आंघोळ, मग फोन, मग जेवण असा क्रम लावू नका. पहिल्या अर्ध्या तासात खाल्लेलं उद्याच्या पायांत जातं.

पाठ दुखते म्हणून आयब्युप्रोफेनची गोळी सर्रास घेणाऱ्यांनी मात्र थांबावं. पाणी कमी पडलेल्या शरीरात, उन्हात, ती मूत्रपिंडावर भार टाकते.

चेनला तेल पाजणं

दुसऱ्या संध्याकाळी मी प्रेमाने चेनला पावसाळ्यातलं घट्ट तेल सोडलं. सह्याद्रीच्या चिखलात तेच बरं पडतं. तिसऱ्या दुपारी चेन करकरत होती, आणि बोट लावून बघितलं तर काळी दळलेली पेस्ट हाताला आली. वाळू आणि तेल मिळून कानस तयार होते आणि ती चेन, कॅसेट (मागची दातेरी चक्रं), सगळं घासते. वाळवंटात मेणाचं किंवा कोरडं वंगण. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवा, वंगण घाला, वरचं पुसून टाका. बाहेरून चेन कोरडी दिसायला हवी. पाण्याचा फवारा मारून धुऊ नका, वाळू बेअरिंगमध्ये जाते.

पुढच्याच्या चाकामागे

काही टप्प्यांत खुणा नसतात. जीपीएसवर बिंदू असतात, वाट तुम्ही शोधायची. सरळ रेषा जवळची वाटते, पण मध्ये टेकड्यांची रांग असेल तर वळसाच लवकर पोचवतो. मी चौदा जणांच्या घोळक्यात होतो, आणि आम्ही चौदाही जण एका कोरड्या नदीत उतरलो, कारण पुढचा उतरला होता. तो का उतरला हे विचारल्यावर म्हणाला, मागून कुणी काही बोललं नाही म्हणून. चार किलोमीटर परत. घोळक्यात असलात तरी दर पाच मिनिटांनी स्वतःच्या स्क्रीनकडे बघा. रात्री चार्ज लावला असं वाटलेलं उपकरण सकाळी उघडून खात्री करा.

वाळूचं वादळ आलं तर जिथे आहात तिथेच थांबा. १९९४ साली याच मोरोक्कोत मॅराथॉन द साब्ल या धावण्याच्या शर्यतीत माउरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू वादळात थांबला नाही, आणि जवळपास दहा दिवसांनी सीमेपलीकडे अल्जीरियात सापडला. तोंडावर ओला रुमाल, डोळ्यांना स्वच्छ काचेचा चष्मा, पाठ वाऱ्याकडे. लेन्स वापरत असाल तर त्या दिवसापुरता नंबरचा चष्मा बरा.

बूड

यावर कोणी लिहीत नाही, रडतात मात्र सगळे. टप्पा संपताच पॅडवाली शॉर्ट्स काढा, धुवा, कोरडं व्हा. एकच शॉर्ट्स दोन दिवस नको. क्रीम रोज, पहिल्या दिवसापासून, दुखायला लागल्यावर नाही.

सामान न येणारी रात्र

शर्यतीत मॅराथॉन टप्पा असतो. त्या रात्री तुमची बॅग येत नाही, बाहेरची मदत चालत नाही, जे पाठीवर आहे तेवढंच. इथे लोक दोन्हीकडे चुकतात. कोणी उबदार कपडा टाकत नाही, आणि वाळवंट म्हणजे ऊन एवढंच ठाऊक असल्याने पहाटे तंबूत कुडकुडतं. कोणी आठ किलोची पाठपिशवी घेऊन निघतं. पातळ जॅकेट, ओआरएस, ट्यूब, भोकात घालायच्या रबरी वाती, चेनची जोडकडी, छोटा पंप, दोन ब्रेक पॅड, आणि गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा. हँगर वाकला की गिअर चाकाच्या तारांत जातो आणि तुमची शर्यत तिथेच संपते. मुंबईहून निघण्याआधी तो एकदा स्वतःच्या हाताने काढून परत बसवून बघा. दिसायला सारखे असले तरी एका फ्रेमचा हँगर दुसरीला सहसा बसत नाही, आणि मेरझुगात सायकलचं दुकान शोधत हिंडायची हौस कुणालाच नसते.