जुनी माहिती खोडू नका, कंस करा : नॉलेज ग्राफ साफ करताना या चुका टाळा

सांगलीतल्या ठिबकचं सामान विकणाऱ्या एका दुकानासाठी आम्ही व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा एआय एजंट बसवलाय, त्याच्या मागं नॉलेज ग्राफ आहे, म्हणजे माहितीचं जाळं : वस्तू, माणसं, गावं हे ठिपके (नोड) आणि त्यांना जोडणारी नाती म्हणजे रेषा (एज). 22 सप्टेंबर 2025 ला ठिबकवरचा जीएसटी 12 वरनं 5 टक्के झाला आणि मी घाईघाईनं 12 वाली माहिती ग्राफमधनं उडवूनच टाकली. पुढच्याच आठवड्यात तासगावकडच्या एका शेतकऱ्यानं ऑगस्टच्या बिलाचं विचारलं तर एजंट सरळ म्हणाला बिल चुकलंय, 5 टक्केच पाहिजे. बिल बरोबर होतं हो, ऑगस्टला 12 च होता, आणि त्या माणसाचा दुकानावरचा विश्वास आमच्यामुळं हलला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून पहिली गोष्ट, डिलीट करू नका. आपला जुन्या पद्धतीचा सातबारा बघा, जमीन विकली तरी जुन्या मालकाचं नाव कुणी खरवडून काढायचं नाही, त्याला कंस व्हायचा, फेरफार नंबर पडायचा आणि नवीन नाव लागायचं. ग्राफमध्ये पण तेच करायचं, एजला कधीपासून आणि कधीपर्यंत अशा दोन तारखा द्यायच्या, शिवाय आपल्याला हे कधी कळलं ती तारीख वेगळी ठेवायची. ग्राफिटीसारख्या (एजंटसाठी असा ग्राफ सांभाळणाऱ्या) टूलमध्ये ही सोय आयती आहे. आणि निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस वापरत असाल तर त्यातली डिटॅच डिलीट ही कमांड मारताना दहादा विचार करा, नोडसोबत त्याची सगळी नाती पण जातात.

जुनं आणि चुकीचं यातला फरक पण लोक करत नाहीत. विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा) हे छान सांभाळलंय, तिथं प्रत्येक माहितीला रँक म्हणजे दर्जा असतो : मुळातच चूक असेल तर डेप्रिकेटेड (बाद) रँक, पण एकेकाळी खरं होतं अन् आता नाही, तर शेवटची तारीख लावून नॉर्मल ठेवायचं आणि चालू माहितीला प्रिफर्ड करायचं. दक्षिण सातारा जिल्हा हे नाव चूक नाही, 1949 ते 1960 पर्यंत सांगली जिल्ह्याचं तेच नाव होतं, ते उपनाव म्हणून त्याच नोडला जोडा, नाहीतर एकाच जिल्ह्याचे दोन नोड होतात.

आता तारखा, इथं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला 3 सप्टेंबरला, लागू झाला 22 ला, आणि मजकूर वाचून ग्राफ भरणाऱ्या एआय मॉडेलनं बातमीतनं तारीख उचलली ती 3 ची, म्हणजे मधले एकोणीस दिवस एजंट चुकीचा दर सांगणार. ते दुरुस्त केलं तर टाइमझोन आडवा आला. आपल्याकडं 22 तारीख सुरू होते ती मध्यरात्र म्हणजे यूटीसीत (कॉम्प्युटर वापरतात ती जागतिक प्रमाणवेळ) 21 ची संध्याकाळ साडेसहा, आम्ही 22 तारीख शून्य वाजता यूटीसी असं टाकलेलं, त्यामुळं पहाटे साडेपाचपर्यंत जुनाच दर येत होता.

नवीन माहिती आली की जुनी आपोआप बंद करायचं काम आंधळेपणानं मॉडेलवर सोडू नका. शेतकऱ्यानं औंदा ऊस लावलाय म्हटलं की मॉडेलनं त्याची हळदीची एज बंद केली, अरे पण त्याच्या दुसऱ्या रानात हळद आहेच की! कुठल्या नात्याला एकावेळी एकच उत्तर असतं (कराचा दर) आणि कुठल्याला अनेक (पिकं, फोन नंबर), हे आधी आपण लिहून द्यायचं. सगळ्याला सरसकट नव्वद दिवसांची मुदत लावणं पण तसलंच, हळदीचा भाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो, गावाचा तालुका नाही होत.

आणि सगळं करूनही एजंट जुनंच बोलत असेल तर ग्राफ सोडून बाकीच्या जागा बघा. व्हेक्टर इंडेक्समध्ये (अर्थावरनं शोधायची सूची) जुना एम्बेडिंग, म्हणजे मजकुराचं आकड्यांतलं रूप, पडलेला असतो, कॅशमध्ये (आधीची उत्तरं तात्पुरती साठवायची जागा) जुनं उत्तर असतं, नोडच्या सारांशात 12 टक्के लिहिलेलं असतं, एजंटच्या स्वतःच्या मेमरीत मागचं संभाषण असतं आणि तो तेच परत ग्राफमध्ये लिहितो. आमच्याकडं तर रात्रीचा जॉब जुनी रेटशीट पीडीएफ परत वाचायचा आणि बंद केलेली एज सकाळी पुन्हा चालू दिसायची. यावर उपाय म्हणजे प्रत्येक एजला स्रोत जोडा आणि बंद केल्याची खूण कायम ठेवा, म्हणजे त्याच कागदातनं तीच माहिती परत आली तरी बंद केलेली एज उघडणार नाही.

बदल केला की दोन प्रश्न विचारून बघा, आज ठिबकवर जीएसटी किती आणि ऑगस्ट 2025 च्या बिलावर किती. पहिल्याला 5 आणि दुसऱ्याला 12 आलं तरच लाइव्ह करा.