स्कूबा डायव्हिंगच्या मास्कवर बाष्प धरू नये म्हणून

पाण्याखाली मास्कची काच धुरकट झाली की हवेच्या दाबाचा आकडा वाचता येत नाही, जोडीदाराच्या खुणा दिसत नाहीत आणि नवखा डायव्हर तर पटकन घाबरून जातो. म्हणूनच ही गोष्ट केवळ गैरसोयीची न मानता सुरक्षिततेची मानली पाहिजे. चेहऱ्याच्या उबेमुळे आणि नाकातून सुटणाऱ्या श्वासामुळे मास्कमधील हवा उबदार व दमट राहते, बाहेरचे पाणी काचेला सतत गार करत असते आणि त्या गार काचेवर आतून बाष्प जमते. काच स्वच्छ असेल तर हे पाणी पातळ थरासारखे पसरते आणि त्यातून आरपार दिसते; काचेवर तेलकट थर असेल तर त्याचे असंख्य बारीक थेंब होतात, आणि हे थेंब प्रकाश विखुरत असल्यामुळे काच धुरकट दिसते.

नव्या मास्कवर असा थर जवळजवळ नेहमीच असतो. कारखान्यात सिलिकॉनचे भाग घडवताना त्याचा सूक्ष्म अंश काचेवर बसतो आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. तो काढल्याशिवाय केलेले इतर सर्व उपाय थोडा वेळच टिकतात, म्हणून माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यावी. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, काचेच्या आतल्या बाजूला लावून बोटाच्या टोकाने काही मिनिटे गोल गोल चोळावी, कडा आणि कोपरे विसरू नयेत, मग स्वच्छ पाण्याने धुवावे आणि हीच कृती दोन-तीन वेळा करावी. धुतलेली काच कोरडी करून तिच्यावर तोंडाने वाफ सोडून पाहावी. कुठे बाष्प चिकटून राहिले, तर तेवढा भाग पुन्हा चोळावा. मात्र काच प्लास्टिकची असेल किंवा तिच्यावर बाष्परोधक लेप दिलेला असेल, तर टूथपेस्टमधील खरखरीत कणांमुळे कायमचे ओरखडे पडतात. अशा मास्कसाठी उत्पादकाच्या सूचनाच पाळाव्यात.

लायटरच्या ज्योतीने हा थर जाळून टाकण्याची पद्धतही अनेक जण वापरतात. ती फक्त टेम्पर्ड, म्हणजे उष्णता देऊन मजबूत केलेल्या, काचेवरच चालते, आणि तिथेही जरा हात चुकला तर सिलिकॉनची कड वितळते किंवा असमान उष्णतेने काच तडकते. टूथपेस्टने काम होत असताना हा धोका पत्करण्याची गरज मला वाटत नाही.

प्रत्येक डाइव्हपूर्वी कोरड्या काचेला आतून लाळ, बाष्परोधक द्रव किंवा पाण्यात पातळ केलेला बेबी शॅम्पू लावावा. हे पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे थेंब बनण्याऐवजी पाणी काचेवर पसरते. काच ओली असेल तर द्रव नीट बसत नाही, म्हणून आधी ती पुसून घ्यावी. लावल्यावर अगदी थोड्या पाण्याने एकदाच विसळावे: फार धुतले तर लेप निघून जातो, आणि शॅम्पू न विसळता ठेवला तर डोळे झोंबतात. भांडी घासण्याचा साबण डोळ्यांसाठी तीव्र असतो, तो टाळलेलाच बरा. यानंतर काचेला आतून बोट लावू नये. मास्क कपाळावर चढवूनही ठेवू नये. तिथला घाम आणि ऊब थेट काचेवर जाते, शिवाय लाटेने मास्क वाहून जाण्याचीही भीती असते.

पाण्यात उतरल्यावर श्वास तोंडानेच घ्यावा आणि सोडावा. खाली जाताना मास्कमधील दाब सारखा करण्यासाठी नाकातून थोडी हवा सोडावीच लागते आणि ती कधीही टाळू नये. पण एरवी नाकाने श्वास सोडत राहण्याची सवय असेल, तर कितीही चांगला द्रव फार काळ पुरत नाही.

तरीही बाष्प धरलेच तर मास्क काढण्याचे कारण नाही. मास्कची कड किंचित उचलून थोडे पाणी आत घ्यावे, मान खाली करून ते काचेवरून फिरवावे, मग चौकटीची वरची कड कपाळाशी दाबून, नजर किंचित वर करत, नाकातून सावकाश हवा सोडून पाणी बाहेर काढावे. हे डाइव्हमध्ये कितीही वेळा करता येते. डाइव्हनंतर मास्क गोड्या पाण्याने धुवून सावलीत पूर्ण वाळवावा आणि डबीत ठेवावा. बरेच दिवस पडून राहिलेल्या मास्कच्या काचेवर सिलिकॉनचा थर पुन्हा जमू शकतो, तेव्हा साध्या काचेच्या मास्कला पुन्हा एकदा टूथपेस्ट लावावी.